जमा दोन, बेपत्ता दोन

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, विधानसभेच्या मतदानाला सोळा दिवस उरले असताना, आमच्या गावच्या पीक संरक्षण सहकारी संस्थेच्या राखणदाराने संस्थेच्या दोन रायफली पोलीस ठाण्यात जमा करायला नेल्या. आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रे ठाण्यात ठेवावी लागतात. दुपारी बारा वाजता ठाण्याच्या वहीत नोंद झाली ती अशी: दोन रायफली बेपत्ता; राखणदाराकडे दोन विनापरवाना बंदुका सापडल्या. राखणदाराने नेलेल्या वस्तू एकूण दोनच होत्या.

मी तेव्हा एका जिल्हा दैनिकाचा वार्ताहर होतो आणि बंदोबस्ताची बातमी घ्यायला ठाण्याच्या बाकावर बसलो होतो.

रानडुकरांपासून ऊस वाचवावा म्हणून गावातल्या बागायतदारांनी ही संस्था काढली होती. सात संचालक, एक चेअरमन, एक कपाट आणि एक राखणदार एवढा तिचा पसारा होता. राखणदार सैन्यातून निवृत्त झालेला. गाव त्याला फौजी म्हणे. परवाना संस्थेचा होता, पण शस्त्र बाळगणारा म्हणून त्यावर नाव आणि फोटो फौजीचा होता. म्हणजे गुन्हा दाखल झाला की तुरुंगात तोच जाणार आणि नोकरीही त्याचीच जाणार.

दुष्काळाच्या पहिल्या वर्षी विहिरी आटल्या आणि वाळलेला ऊस चाऱ्याला तोडून नेला. त्या वर्षीच्या अहवालात संस्थेने लिहिले, "रानडुकरांमुळे एकाही सभासदाच्या पिकाचे नुकसान झालेले नाही." हे खरे होते. पीक उभेच नव्हते. अहवाल टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

त्याच सभेत रायफलींचा विषय निघाला. रायफली फार जुन्या होत्या. त्यांच्या काडतुसाच्या बुडाच्या कडेवर टोला बसला की बार उडे. पण त्या मापाची काडतुसे बाजारातून केव्हाच गेली होती. एक वयस्क संचालक म्हणाले, "आमच्या आज्याच्या ठासणीच्या बंदुकीला काडतूस लागतच नव्हतं. तोंडातून दारू भरायची, शिसं भरायचं, गजानं ठासायचं. काम झालं."

"मग ह्याबी तशाच करून टाका," चेअरमन म्हणाले. ठराव एकमताने झाला. फौजी दाराशी उभा होता.

"साहेब, परवान्यावर रायफल लिवलंय. ठासणीची बंदूक खांद्यावर घेऊन मी फिरू कसा?"

"जसा आता फिरतो तसाच. तुला काय वरात काढायचीय?"

"आन् परवानगी?"

"अर्ज केलाय वर. परवानगी आल्यातच जमा हाय."

"मग ठरावाची नक्कल द्या. सही-शिक्क्याची."

"कावून? आमच्यावर इस्वास न्हाई व्हय?"

"लई हाय साहेब. म्हणून तर लेखी मागतोय."

नक्कल मिळेपर्यंत तो दोन दिवस संस्थेच्या पायरीवर बसून होता. तिसऱ्या दिवशी सचिवाचे काम पाहणाऱ्या संचालकाने ती दिली, कारण पायरीवर दुसऱ्या कोणाला बसता येत नव्हते.

बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराने आधी परवानगी मागितली. त्याला अर्जाची प्रत दाखवण्यात आली. तिच्यावर "मिळाला" असा गोल शिक्का होता. मिळाला होता तो अर्ज. शिक्का जांभळा आणि ठसठशीत असल्याने कारागिराचे समाधान झाले. महिनाभराने रायफली मागून बंद आणि पुढून भरायच्या होऊन परत आल्या.

प्रात्यक्षिक जनावरांच्या छावणीजवळ ठेवले होते, कारण माणसे तेवढी तिथेच सापडत. बांधावर एक मडके ठेवले, नारळ फुटला. चेअरमन बोलायला उभे राहिले तेव्हा फौजी बंदूक भरू लागला. भाषण संपले तरी तो भरतच होता.

"डुकराला थांबाय सांगा म्हणावं तवर," गर्दीतला एक जण म्हणाला.

"चहा पाजा की त्याला," दुसरा म्हणाला.

बार उडाला. मडके शाबूत राहिले. धूर विरला तेव्हा छावणीतल्या अकरा जनावरांनी दावी तोडलेली दिसली. बातमी मीच दिली: "संस्थेच्या रायफली आता ठासणीच्या, चेअरमनांचा अभिनव उपक्रम." जनावरांचे वाक्य जागेअभावी गेले.

शस्त्रे जमा करायच्या त्या दिवशी ठाण्यात जमादारांनी नळी उलटसुलट करून पाहिली.

"फौजी, हे काय आणलं बे?"

"रायफली."

"रायफलीत काडतूस मागून जातं. हिथं तर समदं बंद हाय." त्यांनी टेबलाचा खण उघडला, एक कात्रण काढले आणि माझ्यापुढे धरले. "बातमी तुमचीच ना?"

"हो."

"खरी हाय?"

"हो."

"मग झालं. लागलं ह्याला कलम." त्यांनी वहीत नोंद लिहिली.

फौजीने शर्टाच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि पिशवीतून ठरावाची नक्कल. जमादारांनी ती दोनदा वाचली.

"ह्या समद्यांच्या सह्या?"

"समद्यांच्या."

"चेअरमनबी?"

"पयली त्यांचीच हाय."

जमादारांनी पेन खाली ठेवले आणि एक फोन केला. चेअरमन त्या दिवशी एका उमेदवाराच्या प्रचाराच्या जीपमध्ये होते. अर्ध्या तासात जीप ठाण्याच्या आवारात आली. कर्णा चालूच होता. तो बंद करायला चालकाला सांगावे लागले.

"जमादार, गरीब माणूस हाय. त्याला एकट्याला कावून गुंतवता?" चेअरमन म्हणाले.

"एकटा न्हाई गुंतत साहेब. तुमाला धरून नऊ होत्यात."

चेअरमनांनी नक्कल पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. मी वही मिटलेली नव्हती. त्यांनी जमादारांना आतल्या खोलीत नेले. वीस मिनिटांनी दोघे बाहेर आले. बारा वाजताची नोंद आडवी रेघ मारून रद्द झाली आणि तिच्याखाली दोन नव्या नोंदी आल्या. पहिली: "लोखंडी नळ्या, लाकडी दस्त्यासह, नग दोन, निरुपयोगी." दुसरी: "रायफली दोन, दुरुस्तीसाठी कारागिराकडे; परत आल्यावर जमा होतील." जमादारांनी दोन्ही वाचून दाखवल्या.

"ह्याची नक्कल मिळंल का?" फौजीने विचारले.

"घरी जा बे फौजी."

फौजी घरी गेला. निवडणूक झाली. नळ्या ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत राहिल्या. कागदावर रायफली कारागिराकडे असल्याने राखणदाराचे पद कायम राहिले आणि फौजी हातात काठी घेऊन कामावर येत राहिला. तिसऱ्या वर्षी शिवारात ज्वारी उभी राहिली, तशी डुकरेही परतली. तो शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसून तेलाचा रिकामा डबा बडवी.

ज्वारी हुरड्यात आली असताना संस्थेच्या नावे वरून पत्र आले. दोन रायफली ठासणीच्या करून घेण्यास मंजुरी देण्यात आली होती. अट एकच होती: काम सुरू करण्यापूर्वी, परवान्यावर नाव असलेल्या इसमाने दोन्ही रायफली मूळ स्थितीत स्वतः तपासणीसाठी हजर कराव्यात. मुदत पंधरा दिवसांची होती.

चेअरमनांनी पत्र वाचले आणि फौजीच्या हातावर ठेवले. फौजीने पोच म्हणून सही केली, तारीख घातली आणि पत्राची एक नक्कल मागितली.