बसमधून पाठवलेला मेल

शिलाई मशीन नुसतं चालू करावं, आणि मल्हारराव लाडांनी भिंतीपलीकडून सांगावं, कुठला स्क्रू ढिला झालाय ते. बेंगळुरूत त्यांच्या घराण्याला साडेतीनशे वर्षं झाली. मराठा फौजेबरोबर घोड्यावरून आलेल्यांचे वंशज मशीनदुरुस्तीवर पोट भरत होते, आणि मल्हाररावांना त्याची लाज तर नव्हतीच, उलट मिजास होती. आनेकलपासून होसकोटेपर्यंत कपड्यांच्या कारखान्यांत त्यांचा हात न फिरलेलं मशीन सापडणं कठीण.

त्यातला होसकोटेचा कारखाना म्हणजे जीव की प्राण. बावीस वर्षं तिथलं काम त्यांच्याकडे. दोन हजार दहा साली तिथे पुण्याहून शलाकाबाई नावाची नवी मॅनेजर आली आणि आठवड्याच्या आत तिने फर्मान काढलं : मशीनची तक्रार ईमेलने जाणार, उत्तर ईमेलने येणार. ज्याला जमेल त्यालाच पुढच्या वर्षीचं काम.

"मल्हारअण्णा, तुमचं कसं हो?" फोरमन शेषगिरीने काळजीने विचारलं.

"कसं म्हंजे? मेल काय अंगठाबहाद्दरांना चावतो का?" मल्हारराव म्हणाले खरे, पण शाळा सातवीत सुटलेली.

एचएसआर लेआउटातल्या एका सॉफ्टवेअरवाल्याच्या बायकोचं मशीन ते दुरुस्त करायचे. त्याने वापरून झालेला फोन त्यांना दिला. रुंद, काळा, आणि पडद्याखाली मोहरीएवढ्या बटणांची दाटी. मेल येतो, जातो, वर फोनही लागतो. मल्हाररावांचा अंगठा पडला की तीन बटणं एकदम दबायची.

"अप्पा, दाबायचं, ठोकायचं नाही," लेक भव्या हसून लोळायची. "ओव्हरलॉक मशीन आहे का ते?"

"तू गप बस आणि 'एम' कुठं हाय ते दाखव."

पंधरा दिवस बापाने पुढच्या खोलीतून लेकीला मेल केले. एकाचं उत्तर आलं, 'जेवायला या.' मल्हाररावांनी ते शेजाऱ्यांना दाखवलं.

मग तो मंगळवार आला. मल्हारराव आनेकलच्या एका युनिटमध्ये मशीनखाली आडवे झालेले, आणि खिशात फोन थरथरला. शलाकाबाईंचा मेल. स्वतःच, एकेक अक्षर लावत वाचला : काज पाडायचं मशीन बिघडलंय. कधी येता ते ताबडतोब कळवा.

सगळ्या कारखान्यात काजाचं मशीन एकच. ते थांबलं की शर्टांचे ढीग तसेच पडून राहणार. मल्हारराव हात पुसत उठले. मेलच्या खाली बाईंचा नंबर होता. त्यावर त्यांनी दोन मिस कॉल दिले आणि बस धरली.

मोबाईल हातात आल्यापासूनचा हा रिवाज. एक मिस कॉल, निरोप पोचला. दोन, निघालो. तीन, तुम्ही करा फोन. प्रत्येक फोरमनला हे पाठ होतं. कळवायचं ते कळवलं, मल्हारराव निवांत खिडकीला टेकले.

तासाभराने शेषगिरीचा फोन.

"अण्णा, कुठं आहात? बाई पेटल्यात! तुमचं उत्तर नाही म्हणून दुसऱ्या कंपनीला बोलावतायत. एकदा ते आत शिरले की तुमचं काम गेलंच समजा."

"उत्तर न्हाई? दोन मिस कॉल दिले की रे! दे बाईंना."

फोन हातोहात गेला. पलीकडून करकरीत आवाज आला, "मल्हारराव, मी मेल केला होता. तुम्ही साधा रिप्लाय नाही केलात."

"दोन मिस कॉल दिले, बाई. दोन म्हंजे निघालो."

"ते तुमचे होते? मला वाटलं, कोणीतरी लोन विकतंय!"

मल्हाररावांचा चेहरा उतरला. चूक आपली. बाईंना दोनाचा अर्थ कोण सांगणार? पण बस अजून अर्ध्या वाटेवर होती, आणि ते गप बसणाऱ्यातले नव्हते.

"बाई, चूक झाली. पण त्या लोकांना बोलवायच्या आधी एक करा. मशीन चालवा आणि फोन सुईजवळ धरा."

"फोन? सुईजवळ?"

"स्वल्प पाच मिनिटं द्या."

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर ओढला, एका कानात बोट घातलं, दुसऱ्याला फोन दाबला. शेजारच्या म्हातारीने पदर सावरून सरकून घेतलं. पलीकडे मशीन सुरू झालं. टकटक, टकटक. दर टाक्याला दोन ठोके.

"शेषगिरी! सुई बदललीस?"

"सकाळी तुटली, अण्णा. नवी घातली, तेव्हापासूनच टाके सुटतायत."

"जुनीचा तुकडा सुईच्या दांडीतच राहिलाय. नवी सुई पुरती वर जात न्हाई, हुकला घासतेय. स्क्रू सोड, चिमट्यानं तुकडा ओढ, मग सुई वर टेकव."

बराच वेळ नुसती खुडबूड. मग शेषगिरीचा आवाज, "आला, अण्णा! तिळाएवढा आहे हो!" आणि मशीन सुरू झालं. टक, टक, टक. एका टाक्याला एक ठोका. मल्हाररावांनी टॉवेलात डोळे मिटून तो ऐकला.

शलाकाबाई फोनवर आल्या. आवाज मवाळ होता, नियम मात्र तोच. "ग्रेट. पण मला फाईलला लेखी लागेल. पाचच्या आत मेल करा, काय बिघडलं, काय केलं. नाहीतर मी वरती काय दाखवू?"

"सरी, बाई. करतो."

साडेतीन वाजले होते. मल्हाररावांनी पेटीतला बारीक स्क्रूड्रायव्हर काढला, पात्याच्या टोकाला चिंधी गुंडाळली आणि त्याने बटणं दाबायला घेतली. बस उसळली की अक्षर पुसायचं, पुन्हा घालायचं. कंडक्टर येऊन बघून गेला. "काय दुरुस्त करताय, यजमानरे?"

"बोलू नका. मेल चाललाय."

मोडक्या इंग्रजीत चार ओळी झाल्या. 'सुई तुकडा आत. काढला. मशीन ओके.' शेवटी पूर्ण नाव, मल्हारराव लाड, मेकॅनिक. चार पन्नासला त्यांनी पाठवायचं बटण दाबलं आणि बस होसकोटेच्या स्टँडात शिरली.

फोन हातातच होता. तो वाजला आणि थांबला. पुन्हा वाजला, पुन्हा थांबला.

शलाकाबाईंचा नंबर. दोन मिस कॉल.

मल्हारराव उतरले तर कारखान्याच्या रस्त्याने शलाकाबाईच चालत येत होत्या, हातात पुढच्या वर्षीच्या कामाचे कागद. मल्हाररावांनी स्क्रूड्रायव्हरवरची चिंधी सोडली नाही. तशीच ठेवली, पेटीत सगळ्यात वरच्या कप्प्यात.