बॉनेटवरची एकच रेघ

सावलीत गाडी आरशासारखी चकाकत होती, पण उन्हात काढली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसायच्या. माझी मुलगी मुग्धा आमची ही जुनी गाडी घेऊन नव्या नोकरीसाठी कोल्हापूरला निघाली होती. तिच्या हाती ती नव्यासारखी द्यायची म्हणून मी सकाळपासून पॉलिशचं मशीन फिरवत होतो. एक रेघ गेली की शेजारची दिसे. मला उन्हाचा, मशीनचा, माझ्या डोळ्यांचाही राग यायला लागला होता.

“बाबा, पुरे ना आता! अंधार पडायच्या आत पोचायचंय मला.”

“एवढी एकच रेघ,” मी म्हटलं.

जेवताना ‘पुरे’ म्हणायला कुणी शिकवावं लागत नाही, पोटच सांगतं. हाताला असं पोट नसतं. मशीन दर फेरीला रंगाचा थर थोडा घासून नेतं, आणि आपला थर किती उरलाय, हे रंगही सांगत नाही. मी मशीन पुन्हा टेकवलं, आणि बॉनेटच्या कडेला नखाएवढा रंग उडून खालचा करडा प्रायमर उघडा पडला. चांगलं झालेलं काम माझ्याच हातून बिघडलं होतं.

मुग्धाने वाकून पाहिलं. “बरं झालं, बाबा. पहिला ओरखडा माझ्या हातून पडेल, याचीच धास्ती होती मला.”

ती हसत गाडी घेऊन गेली. मला काही हसू आलं नाही. तिची धास्ती गेली हे खरं होतं, आणि तो डाग वाईट दिसत होता हेही तितकंच खरं होतं.