नाब्लाच्या हातची माती

आमच्या इनिशगोर्म बेटावर संताची माती उचलायचा अधिकार एकाच आडनावाला: मॅकगिलाफिन्येन. म्हणजे फिन्येनच्या सेवकाचा मुलगा. संत फिन्येन होडीतून आला तेव्हा आमच्या शूर पूर्वजांनी त्याला दगड मारून परत पाठवायचं ठरवलं होतं. एक कोळी तेवढा छातीभर पाण्यात उतरला आणि त्याला खांद्यावरून किनाऱ्यावर घेऊन आला. संत म्हणाला, "तू माझा सेवक. माझ्या थडग्याची माती तुझ्याच वंशाच्या हाताला गुण देईल." तेव्हापासून त्या नावात जन्मलेलं बेटावर जे कुणी वयाने थोरलं असेल, त्यानेच पडक्या चर्चमागची चिमूटभर माती उचलून द्यायची. मागणाऱ्याने तीनदा मागायची. देणाऱ्याने बदल्यात उकडलेला बटाटासुद्धा घ्यायचा नाही. ही माती घरात असली की उंदीर फिरकत नाही, होडीत असली की होडी बुडत नाही. दुसऱ्या कुणी उचलली तर तो नुसता चिखल.

पुढे त्या नावाचे हालच झाले. जमीनदाराच्या कारकुनाला ते लिहायचा कंटाळा, म्हणून त्याने वहीत लेनर्ड लिहून टाकलं. ग्लासगोला गेले ते लेनर्ड म्हणून, बॉस्टनला गेले ते लेनर्ड म्हणून, आणि मेले तेही लेनर्ड म्हणूनच. जुनं नाव सांगणारं एकच घर बेटावर उरलं, आणि तेही मातीमुळे. लेनर्डकडे माती कोण मागणार?

ते घर फेलिमीचं, आमच्या घराला लागून. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी त्याच्याकडे पाळणा हलला नव्हता. मग त्याची बायको एक हिवाळाभर पलीकडे, आयर्लंडच्या किनाऱ्यावर, बहिणीकडे जाऊन राहिली आणि तान्ही पोर घेऊन परतली. मातीला वारस हवाच होता, त्यामुळे महिने मोजायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. ती पोर म्हणजे नाब्ला. मोठेपणी उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला मात्र महाग.

नाब्ला तिशीची असताना फेलिमी गेला आणि माती तिच्याकडे आली. चार महिन्यांत आईही अंथरुणाला खिळली. मरताना ती नाब्लाला म्हणाली, "तू आमच्या रक्ताची नाहीस. गरीबखान्यातून आणलं होतं तुला. मातीला हात लावू नकोस." हे मला कळलं ते चोवीस वर्षांनी. तेव्हा कळलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी आता करत नाही.

त्या उन्हाळ्यात पाचजणांनी मिळून नवी होडी बांधली. त्यात माझा नवरा ओवेन होता. सुकाणू टर्लाकडे. टर्लाची बायको उना हिने आपल्या लाल परकराचा तुकडा कापून मातीसाठी पुरचुंडी शिवली. सगळे नाब्लाच्या दारात गेलो. टर्लाने तीनदा मागितलं. नाब्ला नुसती उभी.

"काय गं, संताला विचारून येतेस की काय?" टर्ला म्हणाला. सगळे हसले.

काय करणार होती ती? नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार. मेलेल्या आईची अब्रू जाणार आणि स्वतःला काय म्हणवून घ्यायचं तेही उरणार नाही. तिने माती उचलली. पुरचुंडी होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेखाली ठोकली गेली.

त्यानंतर मात्र ती कुणालाच माती देईना. हात दुखतो म्हणायची.

सप्टेंबरात धान्याचं एक जहाज खडकावर फुटलं आणि त्यातले उंदीर पोहत बेटावर आले. माझी मुलगी तीन महिन्यांची होती. पाळण्यात तिच्या पायाच्या अंगठ्याला उंदीर चावला. मी तशीच नाब्लाकडे धावले.

"चिमूटभर दे गं. पोरीला चावलाय मेला."

"हात दुखतोय माझा."

"हात दुखतोय की नाक वर गेलंय? माती उचलायचीय, बटाट्याची गोण नाही."

"नको मागूस सोर्खा. पाया पडते तुझ्या." आणि तिने दार लावून घेतलं.

संध्याकाळी मी ओवेनला म्हटलं, "होडीतली पुरचुंडी घेऊन ये."

"आणि होडी तशीच न्यायची?"

"समुद्र कसा तळ्यासारखा पडलाय. सोमवारी तुम्ही पाचजण जाऊन नवी मागा. तुम्हाला नाही म्हणायची हिंमत नाही तिची."

तो घेऊन आला. इतरांना सोमवारीच सांगू म्हणाला, टर्ला रागावला असता. मी ती पाळण्यावरच्या तुळईला बांधली. त्या दिवसापासून माझ्या घरात उंदराची शेपटीसुद्धा दिसली नाही.

सोमवार उजाडायच्या आधीच, गुरुवारी होडी गेली ती आलीच नाही. तिघांची प्रेतं लागली. ओवेनचं लागलं नाही.

किनाऱ्यावर बायका रडत होत्या, म्हणत होत्या, "माती असून बुडाली." नाब्लाने ते ऐकलं आणि ती वाळूत गुडघ्यांवर बसली. मी तिथेच होते. पुरचुंडी माझ्या तुळईला आहे, हे मी सांगितलं नाही.

पुढे कुणी माती मागायला आलं की ती म्हणायची, "माझ्या हाताला गुण नाही." घराघरात उंदीर झाले. लोक तिला शिव्या देत. बायका तिच्या वाटेवर थुंकत. सगळ्यात मोठा आवाज माझा असायचा. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! मनात मी म्हणायचे, त्या दिवशी हिने दार उघडलं असतं तर माझा ओवेन जिवंत असता. हे म्हटलं की झोप यायची.

आणि ही बाई चोवीस वर्षं पाच विधवांच्या घरी राबली. आमच्या चुलीत दलदलीतली माती वाळवून जाळतात; ती कापून पाठीवर आणायची, बटाट्याच्या वाफ्यांना समुद्रशेवाळ टाकायची. दारात ओझं ठेवून जायची, घोटभर ताकही घ्यायची नाही. लोक म्हणत, माज आहे. मी तिची माती जाळून पोरीला मोठी केली.

गेल्या हिवाळ्यात ती पडली. मी सूप घेऊन गेले, तेव्हा तिने सगळं सांगितलं. गरीबखाना, आई, ते नाव.

"तुझ्या ओवेनला मी मारलं, सोर्खा. नाव माझं नव्हतं, आणि मी माती उचलली." मग माझा हात धरून म्हणाली, "खरं सांग. आईबाबांच्या ओळीत, संताजवळ, मला पुरावं का?"

माझ्या घरात चोवीस वर्षं उंदीर नव्हता. तिच्या हाताला गुण होता. संताने तिला गरीबखान्याचा दाखला मागितला नव्हता. बुडाली ती होडी तिच्या मातीने नाही, मातीवाचून बुडाली, आणि माती मी काढायला लावली होती. सगळं जिभेवर आलं होतं. आणि मला बाकीच्या चार विधवांची दारं दिसली; ती मला कायमची बंद झाली असती.

"नको," मी म्हटलं. "बाहेरच बरं."

"मलाही तेच वाटलं होतं," ती म्हणाली आणि सूप प्यायली.

तिने फादरना स्वतःच सांगितलं. तिसऱ्या दिवशी गेली. बाप्तिस्मा न झालेली अर्भकं जिथे पुरतात, तिथे दफनभूमीच्या भिंतीबाहेर तिला पुरलं. दगड नाही, नाव नाही.

काल उना आली होती. पाचांतल्या आम्ही दोघीच उरलोय. पीठ उंदरांनी खाल्लं म्हणून रडत होती.

"तुझ्याकडे कसे गं नाहीत?"

"मांजर आहे ना."

"कुठलं मांजर? जन्मात पाहिलं नाही मी तुझं मांजर."

मी तिला बस म्हटलं. स्टूल ओढलं, तुळईवरची गाठ सोडवली आणि पुरचुंडी तिच्या मांडीवर ठेवली. लाल रंग पार उडालाय, पण टाके तिचेच होते. ती बोटाने एकेक टाका चाचपत राहिली. मी सगळं सांगितलं, ओवेनवर काही न ढकलता.

उना माझ्या तोंडावर थुंकली. मग उठत म्हणाली, "फावडं कुठाय तुझं? तिला आत आणायचंय."