कावळ्यांवर नेमलेलं पिल्लू

वर्सोव्याच्या जेट्टीकडे जाताना एक कोळीण रोज सकाळी दिसायची. बांबूंच्या उंच वलांडीवर बोंबील वाळत असायचे, खाली ती सुकट निवडत बसायची आणि शेजारी ठिपक्याठिपक्यांचं, लांब कानांचं कुत्र्याचं पिल्लू. जवळच्या इमारतीतल्या कुणीतरी फ्लॅटमध्ये सांभाळवेना म्हणून तिला दिलेलं. काठीला कावळ्याचं पीस बांधून ती त्याला शिकवायची, "धाव रे! हाकल!" पिल्लू काही धावायचं नाही. पुढचा एक पाय उचलून, शेपूट ताठ करून, नाक पिसाकडे रोखून पुतळा व्हायचं. तेवढ्यात खरा कावळा बोंबील घेऊन पसार!

न राहवून मी म्हटलं, "मावशी, शिकारी जात आहे ही. पक्षी कुठे आहे ते फक्त दाखवते. पुढचं मालकाने करायचं."

"मग मी काय याची नोकर?" ती उसळली.

महिन्याभराने बघतो तर तिची मान सुकटीतच होती, एक डोळा तेवढा पिल्लावर. त्याने पाय उचलला. तिने वर न बघताच त्याच्या नाकाच्या रोखाने शिंपला भिरकावला. कावळा उडाला, पिल्लाने पाय खाली ठेवला.

"शिकलं की शेवटी!" मी म्हटलं.

"त्याला येतच होतं रे," ती म्हणाली. "शिकायची मी राहिले होते."