कच्चं नव्हतं ते

लिंबागणेशात कुणाच्या घरी लग्नाचे लाडू असले, की बेसन भाजायला छबुबाईला बोलावणं यायचं. कढईपुढे बसून हात भरून येईपर्यंत उलथणं फिरवत राहायची चिकाटी तिच्यासारखी दुसऱ्या कुणाला नव्हती. बाकीच्या बायका म्हणत, "झालं की गं आता," आणि छबुबाई म्हणे, "न्हाई. अजून कच्चा वास येतोय." भाकरी तव्यावरून उतरवली की ती बोटाच्या पेरानं वाजवून बघे. टक असा कोरडा आवाज आला तरच ती भाकरी टोपल्यात जाई, नाहीतर पुन्हा चुलीतल्या आरावर.

ही सवय तिला लागली त्याला कारण होतं. तलवाड्याहून लग्न होऊन ती इथं आली, त्याच आठवड्यात खळ्यावरच्या माणसांसाठी तिनं भाकरी केल्या. सासऱ्यांनी एक भाकरी मोडली, तर मध्ये ओलं पीठ. ते रागावले नाहीत. भाकरी बाजूला सारली आणि कांद्यावर पाणी पिऊन उठले. रागावले असते तर ती विसरून गेली असती. त्यानंतर तिच्या हातून कच्चं असं काही कुणाच्या पानात गेलं नाही.

सून आली स्वप्नाली. ती मोबाइलवर बघून बघून बिस्किटं करायला शिकली. ती त्यांना कुकीज म्हणायची. माहेरच्यांनी दिलेलं ओव्हन होतं. घरात वारकऱ्यांची माळ असल्यामुळे अंडं चालत नव्हतं, म्हणून ती घट्ट दही घालायची. साखर थोडी आणि गुळाची पावडर जास्त. बीडहून आणलेले चॉकलेटचे बारके दाणे पिठात मिसळून गोळा फ्रिजमध्ये ठेवायची आणि मग लिंबाएवढ्या गोळ्या ट्रेमध्ये लांब लांब मांडायची. छबुबाई उंबऱ्यात बसून सगळं बघे. एवढ्याशा बिस्किटाला एवढं कौतुक कशाला, असं तिला वाटे. पण पोरीचा हात स्वच्छ आहे, हेही तिला दिसत होतं.

मुलगा हनुमान मांजरसुंब्याला टायरच्या दुकानात कामाला होता. दुकानाशेजारी भारतचा ढाबा. एक दिवस भारत त्याला म्हणाला, "पुण्याकडं जाणारी मंडळी चहाबरोबर असलं कायतरी मागत्यात. वहिनीला नमुना आणायला सांग. लोकांनी खाल्लं तर रोज घेतो."

स्वप्नालीनं ते ऐकलं आणि दोन दिवस तिचे पाय जमिनीवर नव्हते. स्वतःच्या हातचं काही विकायला जाईल, असं त्या घरात आजवर कुणाच्या बाबतीत घडलं नव्हतं.

नमुना न्यायच्या सकाळी तिनं पहिला ट्रे काढला, ओट्यावर ठेवला आणि अंघोळीला गेली. छबुबाई जवळ आली. बिस्किटं फुगली होती, कडेनं तांबूस झाली होती, पण मधे पांढुरकी दिसत होती. तिनं एकावर बोट ठेवलं. बोट आत गेलं.

लाईट जाईल म्हणून पोरीनं घाई केली, असं तिला वाटलं. आता हे असलं कच्चं परक्या माणसापुढं जाणार, भारत ते मोडणार आणि बाजूला सारणार. ओव्हन अजून तापलेलंच होतं. कोणती कळ फिरवायची हे तिनं बघून ठेवलं होतं. ट्रे आत सरकवला आणि ती समोर बसून राहिली. बिस्किटांवर पेर मारल्यावर टक आवाज आला, तेव्हाच बाहेर काढली.

स्वप्नाली केस पुसत आली. "आत्याबाई, जरा लाल दिसतायत का हो?"

"रंग बघ की कसा आलाय," छबुबाई म्हणाली.

बाहेर हनुमान गाडीचा हॉर्न वाजवत होता. स्वप्नालीनं घाईघाईनं डबे भरले आणि ती गेली. छबुबाईला त्या दिवशी फार समाधान वाटलं. सुनेची लाज राखली, असं तिला वाटलं.

दुपारी दोघं परत आली. स्वप्नाली तडक आतल्या खोलीत गेली. हनुमाननं चप्पल भिरकावली.

"काय झालं रं?"

"काय हुतंय! भारत म्हणला, वहिनी, बिस्किटं केलीत का ठोकळे? दात पडंल माझा. एक डायवर म्हणला, मला दोन द्या, चढावर गाडी थांबली की चाकाखाली लावतो. सगळा ढाबा हसला. ही तितंच उभी, तोंड पाडून."

आतून स्वप्नालीचा आवाज आला. "माझंच चुकलं. गूळ जास्त झाला असंल. एरवी मऊ निघत्यात. काढताना कच्चीच वाटली पायजेत, गार झाल्यावर मग आपोआप बसत्यात. या वेळी काढताना बरोबर हुती, मग कशानं असं झालं काय म्हाईत."

छबुबाईनं हातातला तांब्या खाली ठेवला. काढताना कच्चीच वाटली पाहिजेत! जन्मात असलं काही तिनं ऐकलं नव्हतं. आता बोलावं, असं मनात आलं. तेवढ्यात हनुमान म्हणाला, "ती ओव्हनची पेटी देऊन टाक तुझ्या बहिणीला. लोकांत हसं नको." आणि स्वप्नाली म्हणाली, "देते." उद्या सांगू, असं मनाशी म्हणत छबुबाई गोठ्याकडे गेली.

दुसरा दिवस आला तसाच गेला. सांगायला म्हणून ती सुनेजवळ जायची आणि दुसरंच काहीतरी बोलायची. कधी भांडी घासून टाकायची, कधी तिच्या आधी उठून पाणी भरायची. "राहू द्या हो आत्याबाई," स्वप्नाली म्हणे, आणि छबुबाईला वाटे, ही ओरडली तर बरं होईल.

परत आलेली बिस्किटं डब्यात पडून होती. टाकून द्यायची तिची छाती झाली नाही. रोज चहात एकेक बुडवायची, बराच वेळ धरून ठेवायची आणि खायची. चव जळक्या गुळाची. स्वतः भाजलेलं स्वतःच संपवायचं, एवढंच तिला सुचत होतं.

एके दिवशी शेजारची कडूबाई विरजण मागायला आली. "काय गं सपने, तुझ्या बिस्किटांचा लई बोलबाला झाला म्हणं मांजरसुंब्यात!"

"झाला की," स्वप्नाली म्हणाली. "पण आमच्या आत्याबाईसारखी सासू बघ मिळती का. मी बिघडवलेलं सगळं चहात बुडवून खाल्लं त्यांनी. एक शब्द बोलल्या न्हाईत मला."

"कुठल्या जन्माचं पुण्य गं तुझं," कडूबाई म्हणाली.

छबुबाई दाराआड उभी होती. एक शब्द बोलल्या नाहीत, हे खरंच होतं. तिला वाटलं, कुणी तोंडात मारली असती तर इतकं लागलं नसतं. त्या रात्री ती जेवली नाही. पोट दुखतंय म्हणाली, तर सुनेनं ओवा आणून दिला. तोही तिनं खाल्ला.

चार दिवसांनी स्वप्नालीनं उरलेले चॉकलेटचे दाणे बाहेर काढले. "पेटी द्यायच्या आधी एकदा बघते," ती म्हणाली. या वेळी तिनं गूळ कमी केला, लोणी वाढवलं, मैदाही कमी घेतला. एरवी गोळा हातात धरता यायचा, तो आता बोटांना चिकटू लागला. ओव्हनमध्ये गोळ्या एकमेकींत मिसळून ट्रेभर तेलकट पातळ पापडी झाली. स्वप्नाली त्या पापडीकडे बघत उभी राहिली.

"मला येतच न्हवतं," ती हळूच म्हणाली. "उगं नशिबानं जमत हुतं."

छबुबाई उठली. "तुझं माप बरोबर हुतं."

"काय?"

"त्या दिवशी तू न्हायला गेलतीस. मी बोट लावून बघितलं. कच्ची वाटली मला. मी परत भाजली."

स्वप्नाली तिच्याकडे वळली. मग म्हणाली, "त्या डायवरांपुढं मी उभी हुते आत्याबाई. तवा तुमाला म्हाईत न्हवतं, कबूल. पण घरी आल्यावर? इतके दिवस?"

"भ्याले."

"मला भ्यालात?"

छबुबाईनं नाही म्हणून मान हलवली. कुणाला भ्याली हे तिलाही सांगता येईना. स्वप्नालीनं ट्रे मोरीत ठेवला, दाणकन.

दुसऱ्या दिवशी सकाळी छबुबाईच म्हणाली, "पयल्या मापानं कर. मी येते मांजरसुंब्याला."

स्वप्नालीनं बीडहून दाणे मागवले आणि पहिल्या मापानं बिस्किटं केली. ट्रे ओट्यावर ठेवून ती म्हणाली, "इथं बसा. हात मांडीवर. लावायचा न्हाई." फुगलेली बिस्किटं मधे खचत खचत खाली बसली. छबुबाई हात मांडीखाली दाबून ते बघत होती.

दोघी जीपनं गेल्या. ढाब्यावर बाजांवर ड्रायव्हर बसलेले. भारत म्हणाला, "या वहिनी, या मावशी. आज हातोडा आणू का?"

छबुबाईनं डोक्यावरचा पदर सावरला. परक्या पुरुषांपुढं ती कधी बोलली नव्हती. "भारत, तवाची बिस्किटं हिनं बिघडवली न्हवती. हिनं बरोबर काढलती. मला कच्ची वाटली, म्हणून मी परत भाजली. आन् घरी येऊन ही रडली, तरी मी गप बसले."

भारतनं एक बिस्कीट उचललं, दाबलं, मोडायला गेला तर ते तुटेना, मधून ताणलं गेलं. "मावशी, हे तर कच्चंच हाय की वो!"

सगळे हसले. स्वप्नालीही हसली, पण छबुबाईला हसू आलं नाही. "कच्चं न्हाई बाबा. ते असंच असतंय. खाऊन बघ."

भारतनं खाल्लं. उरलेला तुकडाही तोंडात टाकला, आणि पोराला हाक मारून बिस्किटांसाठी एक बरणी रिकामी करायला सांगितली. "बाजाराच्या दिवसापासनं आणा," तो म्हणाला.

परतीच्या जीपमध्ये दोघी शेजारी बसल्या. स्वप्नाली खिडकीतून बाहेर बघत होती. ढाबा मागं पडल्यावर तिनं पिशवीतून एक बिस्कीट काढून सासूपुढे धरलं. "सगळी कडक कडक तुमीच खाल्ली. मऊ एकबी खाल्लं न्हाई अजून."

"घरी गेल्यावर खाते."

"न्हाई, इथंच खा. घरी न्हेलं की परत भाजाल."

छबुबाईनं तिच्या तोंडाकडे बघितलं. ती चेष्टा करते आहे की अजून रागात आहे, ते तिला कळलं नाही. तिनं बिस्कीट घेतलं आणि मुकाट्यानं खाऊ लागली.