बोट दाखवलं म्हणून शून्य

मी तिसऱ्यांदा "बोट" म्हटलं. पाच वर्षांच्या अन्वीनं तिसऱ्यांदा स्वतःचं बोट वर केलं. समोरच्या चार चित्रांपैकी एकालाही हात लावला नाही.

शेजारी क्लिपबोर्ड घेऊन बसलेल्या शुभदाकाकूंनी फुली मारली. "नो रिस्पॉन्स. टेस्ट ओव्हर."

शुभदाकाकू अमेरिकेतल्या आमच्या शॉमबर्गच्या लँग्वेज सेंटरच्या मालकीण. मूळच्या साताऱ्याच्या, पण सेंटरमध्ये पाऊल टाकलं की त्या 'शुभदा मॅम' होतात आणि मराठी बंद. मुलांनाही, स्टाफलाही. याला त्या इमर्शन म्हणतात. म्हणजे मुलाला नव्या भाषेत बुडवायचं. बुडवलेलं मूल वर आलं का, हे विचारणारा रकाना फॉर्मवर नाही.

अन्वीच्या बाबांचा व्हिसा संपत होता. कंपनी त्यांना महिन्याभरात नेदरलँड्सला पाठवत होती. मी तिथे दोन वर्षं शिकले, म्हणून तिला डच शिकवणं माझ्याकडे आलं. सुट्टीच्या सहलीचे शब्द होते: सूटकेस, तंबू, समुद्र असले. मी शब्द म्हणायचा, तिनं चित्र उचलायचं. टेस्टच्या वेळी चित्रं स्टँडवर, मुलाकडे तोंड करून. आमच्या नजरेवरून मूल उत्तर ओळखेल म्हणून आम्हाला दिसू द्यायची नाहीत. पहिल्याच शब्दाला तीनदा उत्तर नाही आलं, की टेस्ट थांबते आणि रिपोर्टवर 'लँग्वेज डिले' लागतं. म्हणजे हे मूल भाषेत मागे आहे. आणि हा रिपोर्ट तिच्या नव्या शाळेत जाणार होता. पोरगी पोचायच्या आधी तिच्यावरचा शिक्का तिथे हजर!

"इथे सही कर," काकू म्हणाल्या.

"नाही करणार."

"एक्सक्यूज मी?"

मी उठले आणि अन्वीच्या बाजूला जाऊन बसले. सूटकेस, तंबू, समुद्र. आणि चौथं चित्र लांब चामडी बुटाचं.

"मॅम, हे कार्ड कुणी केलं?"

"मीच. यादीत बी-ओ-ओ-टी होतं. बूट."

"स्पेलिंग बुटासारखं आहे, उच्चार 'बोट'. डचमध्ये बोट म्हणजे होडी. इथे होडी कुठाय?"

काकू स्टँडच्या या बाजूला आल्या. वाकून बघितलं. "मग तिनं बुटाला हात लावायचा. आन्सर-कीमध्ये तेच आहे."

"अन्वी, तू बोट का वर केलंस गं?" मी मराठीतच विचारलं.

"बिकॉज देअर इज नो बोट हिअर!" ती वैतागली होती. "पण हे बोट आहे ना. माझं. सो आय शोड यू."

"मराठी अलाउड नाही," काकू म्हणाल्या.

"काकू, अहो, तिनं एका शब्दाचे दोन भाषांतले अर्थ तपासले आणि खोलीत जो सापडला तो दाखवला. आणि आपण लिहितोय की ही मागे आहे?"

"मॅम म्हण."

मी वहीच्या पानावर होडी काढली. वाईट काढली. अन्वीनं ती बघताक्षणी उचलली, पुढचे सगळे शब्दही बरोबर लावले. काकूंनी फुली खोडून सगळे मार्क भरले, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता. शाळेत गेलेल्या रिपोर्टवर 'डिले' नव्हतं. पुढच्या आठवड्यात पालकांना ईमेल गेली: 'आमच्या टेस्ट्स आता अधिक अचूक!'

तात्पर्य फार मोठं नाही. मुलाला शून्य द्यायच्या आधी टेबलाच्या त्याच्या बाजूला जाऊन बसावं. खुर्ची तिथे असते. लहान असते, एवढंच.