रिकाम्या मंचावर अण्णा

आमच्या शिरगावच्या सोसायटीत काल मीटिंगसाठी सतरंजी पसरली आणि तिचा धुळकट वास आला. ही इमारत उभी आहे तिथे पूर्वी मैदान होतं. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, पक्षाची राष्ट्रीय अधिवेशनं तिथे भरायची. सतरंज्या घालायचं काम अण्णांकडे असायचं.

एकदा अधिवेशन संपलं, नेते गेले. मी कॉलेजातून मदतीला आलो होतो. सतरंज्या गुंडाळता गुंडाळता अण्णा मंचावर चढले आणि बंद माइकसमोर उभे राहून म्हणाले, "बंधू-भगिनींनो!"

"अण्णा, पुरे. घरी चला, भूक लागलीय."

"ठराव मंजूर!" ते हसत उतरले.

जन्मभर इतरांची भाषणं ऐकलेला माणूस पुढे काय बोलणार होता, ते मी कधी विचारलंच नाही. काल मीटिंग संपल्यावर सतरंजी मीच गुंडाळली, अगदी सावकाश.